बऱ्हाणपूर बघायला निघताय? खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर रावेरला. बऱ्हाणपूर इथून २५-३० किलोमीटर, म्हणजे आम्हाला जळगावपेक्षा जवळ. त्यामुळे पुण्या-नाशकाकडचे नातेवाईक तिकडे निघाले की आधी आमचा फोन वाजतो. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, एकदा लिहूनच टाका ना." म्हणून हा खटाटोप.

बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. मग ते खानदेशातलं कसं?

उलटं विचारा. खानदेशची राजधानीच खानदेशाबाहेर कशी गेली?

फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. हे थाळनेर म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि फारुकी घराणं सुरू झालं. पुढे या घराण्याला 'खान' ही पदवी मिळाली, त्या खानांचा देश तो खानदेश, असं बहुतेक जण सांगतात. कान्हदेशावरून नाव आलं म्हणणारेही आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने पंधराव्या शतकाच्या तोंडावर तापीच्या उत्तर काठी नवं शहर वसवलं आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. समोरच्या काठावर जैनाबाद, ते जैनुद्दीन शिराझींच्या नावाने. दोन्ही काठ मिळून गुरू-शिष्याची जोडी.

पुढची दोनशे वर्षं खानदेशचा कारभार इथूनच चालला. मोगल आले तरी सुभ्याचं ठाणं हेच राहिलं. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश जिल्हा केला आणि कचेरी धुळ्याला नेली. बऱ्हाणपूर मात्र तेव्हा शिंद्यांकडे होतं. ते इंग्रजांकडे आलं १८६० च्या आसपास, आणि गेलं निमाड जिल्ह्यात. तिथून ताटातूट झाली ती झालीच. २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा बऱ्हाणपूर जिल्हा निघाला.

जायचं कसं?

रेल्वेने सगळ्यात सोपं. भुसावळ-खंडवा मार्गावर, भुसावळहून साधारण तासाभरात. स्टेशन लालबागला आहे, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर. बाहेर रिक्षा मिळतात, पण बसायच्या आधी भाडं ठरवा. माझ्या साडूंनी ठरवलं नाही आणि परतीच्या प्रवासात भुसावळपर्यंत तेच पुराण ऐकवलं.

गाडीने येणार असाल तर यावल-फैजपूर-सावदा-रावेर हा रस्ता. दोन्ही बाजूंना केळी, केळी आणि केळी. फैजपूरला दोन मिनिटं थांबा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. मुक्ताईनगरकडून आलात तर इच्छापूरवरून जाल, तिथे टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे. आमच्याकडच्या अनेक घरांची नवसाची देवी ती. केळीच्या कापणीत या रस्त्यांवर ट्रकांची रांग असते, रात्री गाडी हाकू नका.

एका दिवसात होतं का?

होतं, पण मग फोटो होतात आणि शहर राहून जातं. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीयोजना, मग जामा मशीद, दुपारी जेवून जरा पाठ टेकायची आणि उन्हं उतरली की किल्ला. दुसऱ्या दिवशी पहाटेच असीरगड गाठायचा, उतरल्यावर मकबरे आणि दर्गा. एकच दिवस असेल तर असीरगड सोडा. अर्धा दिवस तो एकटाच खातो.

कोणत्या महिन्यात यावं?

दिवाळी झाल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत. खानदेशातल्या माणसाला मे महिन्याचं काय सांगायचं? पारा ४५ च्या पुढे जातो आणि दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की डोळ्यापुढे काजवे. पावसाळ्यात असीरगड हिरवागार दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं.

ताजमहाल आधी इथे बांधणार होते, हे खरं का?

हा प्रश्न शंभरातले नव्वद जण विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पक्कं काय, तर मुमताज महल इथेच गेली. खानजहान लोदीचं बंड मोडायला शाहजहान दख्खनेत उतरला होता आणि मुक्काम बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात होता. चौदाव्या बाळंतपणात, १७ जून १६३१ रोजी, मुलीला जन्म देऊन ती वारली. ती मुलगी, गौहरआरा, मात्र जगली. मुमताजला तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरलं. सहाएक महिन्यांनी, डिसेंबरात, शहजादा शुजाबरोबर तिचा देह आग्र्याला नेला.

मकबरा इथेच बांधायचा होता, पण तापीकाठच्या मातीत वाळवी लागते म्हणून किंवा मकराण्याचा संगमरवर इथवर आणणं परवडेना म्हणून बेत फिरला, या ऐकीव गोष्टी. रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे आपापली आवृत्ती आहे. ऐका, मजा घ्या.

मला खटकतं ते वेगळंच. १६३० ते १६३२ ही गुजरात, दख्खन आणि खानदेशातल्या भीषण दुष्काळाची वर्षं. बादशहाचा शोक चालू होता तेव्हा किल्ल्याच्या भिंतीबाहेर आपली माणसं अन्नावाचून मरत होती. बादशहाने लंगर उघडले, सारा माफ केला, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. पण मेले त्यांची छत्री नाही की चबुतरा नाही. आहुखान्यात गेलात तर हेही डोक्यात असू द्या. तिथे आज पडकी बारादरी आहे, गवत आहे आणि भरपूर शांतता आहे.

किल्ल्यात बघण्यासारखं काय उरलंय?

थोडंच. नदीकडचे मजले बरेचसे ढासळलेत. पण हमाम चुकवू नका. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की छतावरची चित्रं हळूहळू उमटतात: फुलं, वेली, जाळीदार नक्षी, कुठे तांबडा तर कुठे निळसर रंग अजून टिकलेला. मोबाइलचा दिवा लावण्याची घाई करू नका, पाच मिनिटं नुसते उभे राहा. गरम आणि थंड पाणी खेळवायची सोय होती, त्या नाल्यांच्या खुणाही दिसतात.

बाहेर आल्यावर घाटावर उतरून खालून वर बघा. किल्ल्याची खरी उंची तापीतूनच कळते.

कुंडी भंडारा की खुनी भंडारा?

दोन्ही एकच. कोणी म्हणतं पाण्याला पूर्वी तांबूस झाक होती म्हणून 'खुनी', कोणी म्हणतं कुंडीचा अपभ्रंश. खून वगैरे काही झालेला नाही, पोरांना उगाच घाबरवू नका.

माझं विचाराल तर बऱ्हाणपुरात एकच जागा बघायची असेल तर ही बघा. मोगलांची मोठी छावणी इथे असे. एवढ्या लोकांना बाराही महिने पाणी पाहिजे, आणि नदीच्या पाण्यात शत्रूने विष कालवलं तर? दोहे लिहिणारा रहीम आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तोच अब्दुल रहीम खानखाना तेव्हा इथला कारभारी होता. त्याच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना उभी केली.

युक्ती अशी. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. ते पाणी वाटेतच जमिनीखालच्या बोगद्यात पकडायचं आणि बोगद्याला इतका बेताचा उतार द्यायचा की पाणी आपसूक शहराकडे वाहत येईल. मोट नाही, पंप नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खणल्या, त्या शंभराच्या वर आहेत. त्यातून आत हवा खेळते, उजेड जातो आणि गाळ काढायला माणूस उतरतो. शेतातून चालताना जमिनीवर एका ओळीत ही कठड्याची तोंडं दिसतात. शेतकऱ्याच्या पोराला तर हे बघून गंमतच वाटेल. आपण बोअरला ५००-७०० फूट खाली जातो आणि तरी कोरडी धूळ निघते. इथे चारशे वर्षांपूर्वीचं पाणी अजून वाहतंय. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत या भंडाऱ्याचं नाव गेलं.

आत उतरता येतं का? भीती वाटते.

लिफ्टने खाली जाता येतं, साधारण ८० फूट. लिफ्ट चालू आहे ना, हे निघण्याआधी मुक्कामाच्या हॉटेलवाल्याला विचारा. यंत्र आहे, रुसतं कधी कधी. खाली गारवा असतो आणि पायाखाली नितळ पाणी, चपला हातात घ्याव्या लागतात. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर इतके जाड साचलेत की हात लावला की खरखरीत दगडी फणसासारखे लागतात. वर पाहिलं तर कुंडीचं तोंड रुपयाएवढं. माझी बायको पहिल्यांदा उतरली तेव्हा पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही, आमच्या घरात ही नोंद घेण्यासारखी घटना आहे. बंद जागेची खरोखर धास्ती असेल किंवा दमा असेल तर वरूनच बघा, त्यात कमीपणा नाही.

जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे म्हणतात. आपल्याला आत जाता येतं का?

आहे, आणि जाता येतं. फक्त नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका. कपडे अंगभर, चपला बाहेर, आवाज खाली आणि आत शिरताना तिथल्या माणसाला विचारून. विचारलं की माणसं स्वतःहून दाखवतात.

मशीद राजा अलीखान म्हणजे आदिलशाह फारुकी याने बांधली. दर्शनी बाजूला १५ कमानी, दोन उंच मिनार आणि छतावर घुमट नाही. शहराच्या भर गांधी चौकात आहे, बाहेर भाजीवाल्यांचा ओरडा चालू असतो आणि दोन पावलं आत टाकली की गार सावली.

प्रार्थनेच्या दालनात उत्तरेच्या टोकाला जा. अरबी लेखाच्या सोबतीने तिथे नागरी अक्षरं कोरलेली दिसतील. सुरुवात 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः' अशी. मग निर्गुण ईश्वराला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि पंचांगासारखा काळ: विक्रम संवत १६४६, शके १५११. म्हणजे १५९० चा जानेवारी. मशिदीच्या भिंतीवर शके! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोटाने अक्षरं हवेतच गिरवत होतो. शेजारी बसलेले एक चाचा म्हणाले, "कुठून आले भाऊ?" रावेर म्हटल्यावर म्हणाले, "मंग घरचेच."

लेख कोरला त्यानंतर अकरा वर्षांत फारुकींचं राज्य संपलं. असीरगड जिंकल्याची नोंद अकबरानेही याच मशिदीत कोरून ठेवली आहे.

काळा ताजमहाल म्हणजे काय?

रहीमचा मुलगा शाहनवाजखान याचा मकबरा, उतावळी नदीच्या काठी. काळसर दगडाचा म्हणून हे नाव पडलं. नाव ऐकून फार मोठी अपेक्षा ठेवलीत तर हिरमुसाल. जागा सुंदर आहे, तेवढ्यावर समाधान माना.

त्याहून मला शाहशुजाच्या बेगमेचा, बिल्किसचा मकबरा आवडतो. छोटासा, खरबुजासारख्या फाका असलेला घुमट, आणि आतल्या भिंती छतापर्यंत रंगवलेल्या. तीही बाळंतपणातच गेली. सासूसाठी ताजमहाल, सुनेसाठी हे एवढंसं खरबूज. कुलूप असलं तर आसपास राखणदार असतो, हाक मारा.

असीरगड चढवतो का? आणि अश्वत्थामा?

शहरापासून २० किलोमीटरवर, खंडव्याच्या रस्त्याला. गाडीरस्ता बराच वर जातो, नंतर थोडी चढण. उत्तरेतून दख्खनेत उतरायची सातपुड्यातली वाट या किल्ल्याच्या नजरेखाली, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. आसा अहिर नावाच्या गवळी राजाचा हा किल्ला, नासिरखानाने डोल्यांतून सैनिक घुसवून दग्याने घेतला, अशी कथा आहे. अकबराला तो लढून मिळेना. महिनोन् महिने वेढा देऊनही गड पडला नाही, तेव्हा सोन्याच्या किल्लीने कुलूप उघडलं असं म्हणतात, म्हणजे लाच चारली. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला पडला. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं 'दानदेश' करून टाकलं. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावरच्या लेखात ते नाव आहे. आपल्याकडे मात्र ते कोणाच्या तोंडी बसलं नाही.

वर महादेवाचं जुनं मंदिर आहे. अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, अशी श्रद्धा. मी दोनदा पहाटे गेलो. फूल होतं. पुजारीही होता.

मराठ्यांच्या इतिहासातलं काही बघायला मिळेल?

जानेवारी १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपुरावर छापा घातला, हे वाचलेलं असतंच. तो पडला तटाबाहेरच्या बहादरपूर या श्रीमंत पेठेवर. आज ते साधं उपनगर आहे, फलक शोधू नका.

बघण्यासारखी जागा म्हणजे राजाची छत्री. पुरंदरचा तह आठवतो ना? तो करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्यानंतर बादशहाच्या मर्जीतून उतरलेला, थकलेला माणूस. तापी आणि मोहना नद्यांच्या संगमाजवळ त्याची दगडी छत्री आहे. संध्याकाळी जा, तिथे बहुधा तुम्ही आणि शेळ्या एवढेच असाल.

आणखी धर्मस्थळं?

दाऊदी बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकिमी, पांढराशुभ्र, इतका स्वच्छ की आपणच पाय जपून टाकतो. सय्यदी अब्दुलकादिर हकिमुद्दीन यांची समाधी तिथे आहे, देशोदेशीचे बोहरी येतात. डोकं झाकायला रुमाल न्या. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे राहिले, त्या जागी गुरुद्वारा आहे. कबीरपंथीयांचं मोठं स्थान नागझिरीला.

मराठी चालते का?

धावते. दुकानात हिंदीत सुरुवात होते आणि दोन वाक्यांत समोरचा विचारतो, "भुसावळकडचे का?" शहराच्या हिंदीत उर्दू, निमाडी, गुजराती आणि आपली बोली सगळंच मिसळलंय. सोयरिकी तर कधीच्या आहेत, आमच्या गल्लीतच बऱ्हाणपूरच्या तीन सुना आहेत.

खायचं काय?

मावा जिलेबी. नेहमीची केशरी, कुरकुरीत जिलेबी डोक्यातून काढून टाका. ही खव्याची, जाडजूड, तळून गडद तपकिरी झालेली, गुलाबजामची थोरली बहीण. गरम असतानाच खा. दोन खाल्ल्या की जेवणाचा विचार सोडून द्यावा लागतो.

दुसरा पदार्थ दराबा: रवा, साखर आणि तूप घोटून घोटून इतकं हलकं केलेलं की तोंडात विरघळतं. आणि मांडे. इथे खानदेशी माणूस हमखास फसतो. आपले मांडे खापरावरचे, पुरणाचे. बऱ्हाणपुरी मांडे म्हणजे उपड्या कढईवर भाजलेली, रुमालासारखी मोठी पातळ रोटी, आत काही नाही, रश्शासोबत खायची. माझ्या मावशीने त्यावर दूध-तूप मागितलं होतं. हॉटेलवाल्याने मुकाट्याने आणून दिलं, हे त्याचं मोठेपण.

म्हाताऱ्या आई-वडिलांना नेऊ का?

न्या. जामा मशीद, दर्गा, गुरुद्वारा सहज होतात. किल्ल्यात पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत जमतं. असीरगडला त्यांना गाडीपाशी सावलीत बसवा.

गाईड घ्यावा का?

किल्ला आणि कुंडी भंडारा इथे घ्या. गोष्टीत मीठमसाला असेल, पण कुठल्या अंधाऱ्या दालनात कुठल्या कोपऱ्यात मान वर करायची, हे त्यालाच माहीत असतं.

येताना काय आणायचं?

शहर एकेकाळी मलमल आणि जरीच्या कापडासाठी गाजलेलं. सुरतेहून आग्र्याला जाणारा व्यापाराचा रस्ता इथूनच जायचा, आणि इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने आला. आता यंत्रमागांची खडखड गल्लीगल्लीत ऐकू येते. पंचे, चादरी, अस्तराचं कापड स्वस्त पडतं. आणि दराबा अर्धा किलो जास्त घ्या. परतीच्या वाटेवर रावेर लागतं, हे लक्षात असू द्या.